भोगवटा पत्रावर सही करण्यापूर्वी

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे,
आणि राज्यातील सर्व महापालिकांचे मा. आयुक्त यांस,



या वर्षी आपण ज्या इमारतींना बांधकाम परवानगी द्याल, त्यांतल्या बहुतेक २०७५ सालीही उभ्या असतील. तेव्हा त्यांत राहणारी कितीतरी माणसे आज जन्मालाही आलेली नाहीत. त्यांचे विजेचे बिल किती यावे, एप्रिल-मेच्या रात्री त्यांना पंख्याखाली झोप लागावी की नाही, हे मात्र आजच ठरते आहे. नकाशावर शिक्का पडतो तेव्हा ते ठरते आणि भोगवटा पत्रावर सही होते तेव्हा कायमचे पक्के होते. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मी पुण्यात वास्तुविशारद म्हणून काम करते. सध्या माझ्याकडे येणारे बहुतेक काम पुनर्विकासाचे आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि त्या जागी बारा-पंधरा मजले, काही ठिकाणी त्याहून उंच इमारती येत आहेत. मुंबईत मुलुंडपासून विलेपार्ल्यापर्यंत हेच चालले आहे. अशी लाट एखाद्या शहराच्या आयुष्यात फार तर दोन पिढ्यांतून एकदा येते. या लाटेत जे बांधले जाईल ते पुढच्या पन्नास वर्षांत कोणी पुन्हा पाडणार नाही. तेव्हा वेळ आत्ताची आहे, आणि ती वेगाने निघून जाते आहे.

पाडल्या जाणाऱ्या त्या जुन्या इमारतींची मी भलामण करणार नाही. गळकी गच्ची, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, सळया गंजून सुटलेले प्लास्टर, हे सगळे मी पाहिले आहे. पण त्यांच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या होत्या, खिडक्यांवर छज्जे होते आणि बहुतेक घरांना दोन बाजूंनी वारा होता. नव्या इमारतींत भिंत कशाची असते? वेग हवा म्हणून ॲल्युमिनियमचे साचे लावून, ज्याला साइटवर मायव्हान म्हणतात त्या पद्धतीने, बाहेरच्या भिंतीसुद्धा सलग काँक्रीटमध्ये ओतल्या जातात. जाडी साधारण सहा इंच. मजबुतीच्या दृष्टीने या पद्धतीत खोट नाही. दर आठ-दहा दिवसांनी एक स्लॅब पडतो, प्लास्टरचा खर्च वाचतो, कारागीर कमी लागतात. पण काँक्रीट उष्णता भराभर वाहून नेते. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे साइटवर अजूनही ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्याच्या तुलनेत, काँक्रीटची उष्णतावहनाची क्षमता आठपटीहून जास्त आहे. भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांजवळच्या हवेचा रोध हिशोबात धरला, तरी सहा इंची उघड्या काँक्रीटच्या भिंतीतून आत येणारी उष्णता तेवढ्याच जाडीच्या ब्लॉकच्या भिंतीपेक्षा साडेतीन पटींहून अधिक भरते.

पश्चिमेच्या खोलीत याचा अर्थ काय होतो, ते तिथे राहणाऱ्याला विचारावे. दुपारभर तापलेली भिंत संध्याकाळी सातनंतर आतल्या बाजूने उष्णता सोडू लागते. बाहेर वारा सुटलेला असतो, हवा निवलेली असते आणि खोली मात्र रात्री अकरालाही तापलेलीच. मग एसी लागतो. तो एसी जी उष्णता बाहेर फेकतो ती शेजारच्या डक्टमध्ये जाते, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीपाशी. ज्याला एसी परवडत नाही त्याच्या वाट्याला स्वतःच्या भिंतीची उष्णता आणि वर शेजाऱ्याचीही.

हे टाळता येते, आणि त्यासाठी नव्याने शोध लावण्याची गरज नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात सगळी मापे दिलेली आहेत. थंड प्रदेश सोडून देशात सर्वत्र, बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. छताला स्वतंत्र मर्यादा आहे. खिडक्यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग घराच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के असावा, तेही हवामानानुसार ठरवून दिले आहे: उष्ण-दमट प्रदेशात १६.६६ टक्के, उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के. यातला ‘उघडणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो. नकाशावर मात्र खिडकी पूर्ण मापाने दाखवली जाते आणि मोजलीही तशीच जाते.

२०२२ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. तिने निवासी इमारतींनाही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणले. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी ही मर्यादा ठेवली, आणि राज्याला हवे असेल तर ती आणखी खाली आणण्याची मुभा दिली. कायदा आहे, मापे आहेत, महाऊर्जासारखी नेमलेली यंत्रणा पुण्यातच बसते आहे. अडते ते शेवटच्या पायरीवर, महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात. तिथे सामासिक अंतरे सेंटिमीटरपर्यंत तपासली जातात, चटईक्षेत्राचा चौरस मीटरन् मीटर मोजला जातो, जोते तपासणी होते, अग्निशमनाचा दाखला लागतो. भिंतीतून किती उष्णता आत येईल, असा प्रश्न माझ्या कोणत्याही प्रस्तावावर मला कधी विचारला गेलेला नाही. हा प्रश्न विचारायला लागा, हीच माझी पहिली आणि सर्वांत मोठी विनंती आहे.

आता सौरऊर्जेविषयी. लोकांना नियम म्हटला की गच्चीवरचे पॅनेलच डोळ्यांसमोर येते, आणि राज्यकर्त्यांनाही तेच दाखवणे सोपे जाते. मलाही पॅनेल हवेच आहे. पण उंच इमारतीत ते काय करू शकते आणि काय नाही, याचा हिशोब आपण एकदा उघडपणे मांडला पाहिजे. समजा बारा मजल्यांवर अठ्ठेचाळीस घरे आहेत आणि वर ५०० चौरस मीटरची गच्ची आहे. टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचे डोके आणि त्यांच्या सावल्या वजा जाता निम्मी जागा हाती लागते. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे २५ किलोवॉट बसतील. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला ३,००० युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचा मोठा भार त्यातून निघेल. पण घरटी महिना २०० युनिट धरले तर अठ्ठेचाळीस घरांना ९,६०० युनिट लागतात. सगळी सौरवीज घरांना दिली तरी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भागत नाही. इमारत जेवढी उंच, तेवढी गच्ची अपुरी. म्हणून घराची मागणीच कमी करणारी भिंत, खिडकी आणि छत हे आधी आले पाहिजे. पॅनेलची सक्ती करून तापणाऱ्या भिंतींकडे डोळेझाक केली, तर गच्चीवर कमावलेली वीज खालचे एसीच खाऊन टाकतील.

खर्चाचाही हिशोब इथेच करू. किलोवॉटला ५०,००० रुपये धरले तर २५ किलोवॉटचे साडेबारा लाख होतात, म्हणजे घरामागे सुमारे २६,०००. ज्या शहरात साध्या दोन बेडरूमच्या घराला ऐंशी लाख, कोटभर मोजावे लागतात, तिथे ‘नियम लावला तर घरे महाग होतील’ हा आक्षेप मला पटत नाही. शिवाय पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांचे अनुदान आहे. खरी अडचण वेगळीच आहे. खर्च करायचा तो विकसकाने आणि बचत व्हायची ती राहणाऱ्याची. इमारत बांधणारा तीन-चार वर्षांत पुढच्या प्लॉटवर निघून जातो, बिल भरणारा पन्नास वर्षे तिथेच राहतो. बाजाराच्या भरवशावर ही फट कधीच बुजत नाही, कारण फ्लॅट घेताना कोणी भिंतीचे उष्णतावहन विचारत नाही. लॉबीतला संगमरवर विचारतात. ही फट बुजवायला नियमच लागतो, आणि तो तुमच्या हातात आहे.

नियम नाहीत असे कोणी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक इमारतींना सौर जलतापक किंवा छतावरची सौरवीज बंधनकारक आहे. पुणे महापालिका सौर, पर्जन्यजल आणि गांडूळखत प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, हे चांगलेच आहे. पण सौर बंबांचे काय झाले ते आपण गच्च्यांवर जाऊन पाहावे. मी पाहणीसाठी ज्या सोसायट्यांमध्ये जाते, तिथे अनेक ठिकाणी ते बंद असतात. कारणे बहुतेक तीच. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचलेले. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत पाइपला वेष्टन नाही, म्हणून गरम पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी वाहून जाते. आणि गॅरंटी कोणाची, हेच कोणाला ठाऊक नाही, कारण खरेदीची कागदपत्रे विकसकाने सोसायटीला दिलेलीच नसतात. मग प्रत्येक घरात गिझर येतो, आणि ज्या गच्चीवर वीज तयार झाली असती ती गच्ची गंजलेल्या स्टँडखाली अडकून पडते. भोगवटा पत्र मिळवण्यासाठी बंब बसवला गेला, तो चालवण्यासाठी नव्हे.

बार्सिलोनाचाही अनुभव असाच आहे. त्या शहराने २००० सालापासून नव्या आणि मोठ्या नूतनीकरणाच्या इमारतींना गरम पाण्याच्या गरजेपैकी ६० टक्के भाग सूर्यावर भागवण्याची सक्ती केली. जगभर कौतुक झाले. पुढे देखभालीच्या तक्रारी आल्या, आणि २००६ साली शहराने नियमच सुधारून घेतला. त्यांनी नियम सोडून दिला नाही, हे लक्षात घ्यावे. इस्रायलने तर १९८० मध्येच नव्या घरांना सौर बंब बंधनकारक केला, आणि आज तिथे तो घराचा नेहमीचा भाग मानला जातो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून तीन मजल्यांपर्यंतच्या नव्या घरांवर सौर पॅनेल सक्तीचे झाले. सावलीत असलेल्या घरांना त्यात सवलत आहे आणि सामुदायिक सौर प्रकल्पात भाग घेण्याचा पर्यायही आहे. तिथल्या ऊर्जा आयोगाचा अंदाज होता की घरकर्जाच्या हप्त्यात महिना सुमारे ४० डॉलरची भर पडेल आणि विजेच्या बिलात ८० डॉलर वाचतील. याहून मोलाची मला वाटते ती त्यांची पद्धत: दर तीन वर्षांनी ऊर्जा संहिता सुधारायची, आणि हे चक्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे.

टोकियोने एप्रिल २०२५ पासून लागू केलेला नियम मात्र आपण बारकाईने अभ्यासावा. तिथे नव्या छोट्या इमारतींसाठीची सक्ती घरमालकावर नाही, सुमारे पन्नास मोठ्या घरबांधणी कंपन्यांवर आहे. कंपनीने वर्षभरात शहरात बांधलेल्या घरांचा एकूण हिशोब पाहिला जातो. एखादे छप्पर सावलीत असेल, छोटे असेल, तर तिथली तूट दुसरीकडे भरून काढता येते. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही अनेक इमारती बांधणारे मोठे विकसक आहेत. त्यांच्यासाठी हीच रचना उत्तम बसेल. आणि फार दूर जायचे नसेल तर शेजारी तेलंगण आहे. त्या राज्याने २०२३ मध्ये शीतछताचे धोरण आणले आणि सरकारी व व्यापारी इमारतींबरोबर ६०० चौरस यार्डांवरच्या निवासी भूखंडांनाही ते बंधनकारक केले. सोलापूर, लातूर, नांदेड तेलंगणापेक्षा कमी तापत नाहीत. आपल्याकडे विटांच्या कोब्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवायची रीत जुनीच आहे, ती कारागिरांना येते. ती नियमात यायला काय हरकत आहे?

हे सगळे वरच्या वर्गाचे चोचले आहेत, असे कोणी म्हणू नये म्हणून मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दची आठवण करून देते. तिथल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिथला क्षयरोग आणि घरांतला अपुरा उजेड-वारा यांचा संबंध दाखवून दिला. झोपडपट्टी पुनर्वसनात अंतराचे नियम सैल केले गेले ते घरांची संख्या वाढावी म्हणून, आणि त्याची किंमत तिथल्या माणसांनी फुप्फुसांनी मोजली. उजेड आणि वारा हाही ऊर्जेचाच प्रश्न आहे. दिवसभर ट्यूबलाइट आणि पंखा चालू ठेवावा लागणाऱ्या कुटुंबासाठी तीनशे-चारशे रुपयांचे जादा बिल ही मोठी रक्कम आहे. म्हणून म्हाडा, पुनर्वसन प्रकल्प, पंतप्रधान आवास यांना संहितेतून सूट देऊ नका. त्यांना सर्वांत आधी लावा, आणि त्याचा जो थोडा जादा खर्च येईल तो शासनाने उचलावा.

आता आपल्याकडून नेमके काय हवे, ते सांगते.

नकाशा मंजुरीच्या वेळीच भिंत, छत आणि खिडक्यांच्या उष्णतेचा हिशोब जोडणे सक्तीचे करा. तो हिशोब करणे एका दिवसाचे काम आहे, आम्हा वास्तुविशारदांना ते करायला लावा. काँक्रीटच्या भिंतीला बंदी घालू नका, पण ती वापरायची तर बाहेरून उष्णतारोधक थर किंवा पुरेशी सावली हवीच, असे म्हणा. १०० किलोवॉटचा भार एकेका घराच्या मीटरवर मोजायचा की संपूर्ण इमारतीचा, ही पळवाट पहिल्याच परिपत्रकात बंद करा. आणि राज्याला मिळालेली मुभा वापरून ही मर्यादा खाली आणा, म्हणजे चार मजली इमारतीही सुटणार नाहीत.

गच्चीचा आराखडा वेगळा मागवा. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली गच्चीच्या उत्तर कडेला घेतली, तर दक्षिणेकडची जागा सावलीविना मोकळी राहते. नकाशावर या बदलाला एक पैसा लागत नाही, बांधून झाल्यावर मात्र तो करताच येत नाही. केबलसाठी वरपासून मीटररूमपर्यंत एक मोकळी नळी सोडून ठेवा, तीही आजच फुकटात मिळते. पॅनेलचा सांगाडा आठ-नऊ फूट उंच असावा. खाली बायका वाळवण घालतील, मुले खेळतील, आणि ‘आमची गच्ची गेली’ ही सोसायट्यांमधली नेहमीची भांडणे होणार नाहीत. गच्ची विकण्याच्या प्रथेलाही इथे चाप लावावा लागेल. रेरा कायद्याने सामायिक गच्ची ही सर्वांची ठरवली आहे, तरी वरच्या मजल्याच्या ग्राहकाला तिचा हक्क परस्पर देऊन टाकण्याचे प्रकार होतात. मानीव अभिहस्तांतरणासाठी खेटे घालणारी सोसायटी आपल्याच छतावर पॅनेल बसवायला विकसकाची संमती मागत फिरते, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

भोगवटा पत्राच्या वेळी पॅनेल आहे का, एवढेच पाहू नका. ते वीज देते आहे का, ते पाहा. नेट मीटरची नोंद दर महिन्याला वीज कंपनीकडे होतच असते. ती महापालिकेच्या परवानगी प्रणालीला जोडली, तर निरीक्षकाला गच्चीवर चढण्याचीही गरज नाही. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी विकसकाची असते. सौर संचाची ठरलेली वीजनिर्मितीही त्याच जबाबदारीत स्पष्ट शब्दांत घाला. मग स्वस्तातला संच बसवून निघून जाणे परवडणार नाही. मिळकतकराची सवलतही प्रकल्प बसवल्याबद्दल न देता वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट निर्माण झाले, त्यावर द्या.

हरित इमारतींना जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद आहे, ती राहू द्या. पण ज्यांना हवे ते ती घेतात, ज्यांना नको ते घेत नाहीत. घराने माणसाला भाजू नये, ही ऐच्छिक गोष्ट असू शकत नाही. भूकंपाचा हिशोब आपण कोणाच्या मर्जीवर सोडत नाही.

आपल्या अभियंत्यांवरचा कामाचा ताण मला माहीत आहे. एकेका विभागात किती थोडी माणसे किती फायली हाताळतात, हे रोज खिडकीच्या अलीकडून पाहते. म्हणून माझी सूचना आहे की सुरुवात एका शहरापासून करावी. पुण्यातच करा. महाऊर्जा इथे आहे, वास्तुकलेची आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये इथे आहेत, आणि पुनर्विकासाचे प्रस्ताव तर रांगेत उभेच आहेत. येत्या सहा महिन्यांत पुनर्विकासाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला हा हिशोब लागू करा. छाननीसाठी माणसे कमी पडत असतील, तर आमच्यासारख्या व्यावसायिकांची तज्ज्ञ समिती नेमा. मी स्वतः विनामोबदला वेळ द्यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीत असे आणखी बरेच जण आहेत.

या पत्राला उत्तर द्यावे, आणि ते देताना एवढे तरी कळवावे: इको निवास संहितेनुसार तपासणी करून भोगवटा पत्र दिलेली निवासी इमारत आपल्या महापालिकेच्या हद्दीत आज एक तरी आहे का? असल्यास तिचा पत्ता जाहीर करा. आम्ही आमच्या सोसायट्यांच्या सभासदांना घेऊन ती पाहायला येऊ.

आपली विश्वासू,
एक वास्तुविशारद,
पुणे